मायाक्काचा आळणी निवद

लग्नाला आठ महिने झाले तरी सासरच्या स्वयंपाकघरात रुपालीला पाहुण्यासारखंच वाटायचं. माहेर अकलूजचं, म्हणजे त्याच जिल्ह्यातलं, एसटीनं तीन तासांचं. पण कालव्याच्या पाण्यावर वाढलेली माणसं वेगळी आणि मंगळवेढ्याच्या पलीकडचं कोरडं रान सोडून सोलापुरात आलेली माणसं वेगळी. तिनं पहिल्याच आठवड्यात आमटीत गुळाचा खडा टाकला, तेव्हा सासरे कुंडलिक घास तोंडात धरून बसले होते. गिळावा की थुंकावा, त्यांना ठरवता येत नव्हतं.

सासूबाई बजाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं.

"आमच्यात पद्धत हाय."

भाकरी पापडासारखी पातळ थापून, वाळवून, फडक्यात बांधून महिनाभर खायची. का? आमच्यात पद्धत हाय. संक्रांतीला तिळाची पोळी नाही, शेंगदाण्याची करायची. का? पद्धत हाय. वेळ अमावास्येला घरदार बंद करून कुणाच्या तरी रानात जायचं, सगळ्या शेंगांची आणि पालेभाज्यांची एकच भज्जी शिजवायची, वर माठातली आंबील प्यायची. दिवा लागल्यावर शेजारणीला मीठ द्यायचं नाही. तापल्या तव्यावर पाणी मारायचं नाही. रुपाली सगळं निमूट ऐकायची, पण तिच्या मनात एक गोष्ट खुपत होती. पद्धत म्हटलं की पुढं विचारायचं नाही, हे ह्या बाईला चांगलं ठाऊक आहे.

आणि ह्या सगळ्यांत एक पद्धत काही केल्या तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुंडलिक मामा गोदामावर पहारेकऱ्याच्या कामाला गेले, नवरा युवराज वर्कशॉपला गेला, की बजाबाई दुसऱ्यांदा चूल पेटवायच्या. म्हणजे गॅसच. दोडका नाहीतर दुधी बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते सगळं पाणी मोरीत ओतून द्यायच्या. मग तीच भाजी थेंबभर तेलावर परतायच्या. मीठ नाही. चटणी नाही. शेंगदाण्याचा कूट तर नाहीच, आणि सोलापूरच्या घरात कुटाशिवाय भाजी म्हणजे नवलच. दोन मऊ भाकरी, ती भाजी, स्टीलचा डबा, त्यावर स्वच्छ फडकं. अकरा वाजता डबा पिशवीत घालून निघायच्या, ते दोनला परत यायच्या.

"कुठं नेता, आत्या?" तिनं सुरुवातीलाच विचारलं होतं.

"मायाक्काला. आळणी निवद आसतो तिचा."

"मी येऊ?"

"नव्या सुनंनं वरीसभर यायचं न्हाय. आमच्यात पद्धत हाय."

इथंच रुपालीचं मन खट्टू झालं. मायाक्का तिच्याही माहेरची देवी. तिची आजी दरसाल चिंचलीच्या जत्रेला जायची. निवदाला पोळ्या व्हायच्या, भात-आमटी व्हायची. देवीला आळणी दोडका दाखवलेला तिनं जन्मात ऐकला नव्हता. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, हे खरं. पण भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं, हे कुठल्या देवीला लागतं?

तिनं युवराजला विचारलं. तो मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "आईच्या पद्धतीत तू कशाला पडती?" त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, पण रुपालीला वाटलं, हाही लपवतोय.

शेजारच्या सिद्धम्मा अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. त्यांच्याकडं दुपारी निवडायला भाजी घेऊन बसल्यावर रुपालीनं हळूच एकेक पद्धत पुढं केली. शेंगापोळी? "खरं की!" वेळ अमावास्या? "अय्यो, ती चुकवायची न्हाई कधी!" दिवेलागणीनंतर मीठ? "आमीबी देत न्हाई." म्हणजे सासू खोटं बोलत नव्हती. रुपालीला थोडं हलकं वाटलं. मग तिनं शेवटचं विचारलं.

सिद्धम्मांचा हात थांबला. "आळणी? देवीला? इल्लव्वा, न्हाई बाई. देवाला कोण आळणी देतं?" त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "आळणी उताऱ्याला ठेवतात. तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तितं. कुणावर काय करायचं आसलं, उतरायचं आसलं, तर. पर बजाबाई तसल्या न्हाईत हं. मी काय म्हटलं न्हाई."

म्हटलं नाही म्हणून सांगितलेलं माणसाला जास्त झोंबतं. रुपालीला गेल्या महिन्यातला ताप आठवला. तो बुधवारी आला होता, मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी. लग्नात हरवलेला तिचा एक ब्लाउजपीस आठवला. सासू कधी रागावत नाही, उलट बोलत नाही, ह्याचंही आता तिला बरं वाटेना. इतकी गोड सासू असते कुठं?

रविवारी सगळे जेवायला बसले असताना तिनं साळसूदपणे विचारलं, "मामा, तुमच्या गावाकडं मायाक्काला आळणी निवद असतो का?"

बजाबाईंच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली.

"आळणी?" कुंडलिक मामा म्हणाले. "आसलं काय न्हाय. कुणी सांगितलं?"

"असंच. मोबाईलवर वाचलं."

मामांनी बायकोकडं बघितलं. बजाबाईंनी त्यांच्या ताटात न मागता आमटी वाढली. त्या दिवशी रात्रीपर्यंत सासू रुपालीशी नेहमीसारखंच बोलली, आणि त्यामुळंच रुपालीचा संशय पक्का झाला.

तिनं ठरवलं, परीक्षा घ्यायची. मंगळवारी बजाबाई अंघोळीला गेल्या. डबा भरून ओट्यावर ठेवलेला होता. रुपालीनं झाकण काढलं आणि चमचाभर मीठ भाजीत मिसळून टाकलं, वरून नीट सारखं केलं. निवद खरा असला तर दगडाला काय कळणार आहे? आणि तिकाटण्यावर ठेवणार असतील तर कुत्र्यालाही काही फरक पडायचा नाही. पण कुणाला तरी कळलंच, तर समजायचं, डबा माणसाच्या तोंडात जातोय.

दोनला बजाबाई आल्या. चपला दारात एक इकडं, एक तिकडं. पिशवी त्यांनी ओट्यावर आदळली. डबा तसाच भरलेला होता.

"डब्यात हात कुणी घातला?"

आठ महिन्यांत रुपालीनं हा आवाज ऐकला नव्हता.

"कुणी न्हाई, आत्या. का?"

"मीठ पडलंय त्यात."

"तुम्हांला कसं कळलं?"

प्रश्न तोंडातून निसटला. बजाबाई सकाळपासून उपाशी होत्या, देवीच्या वारी त्या एकच वेळ, संध्याकाळी जेवायच्या. म्हणजे चव त्यांनी घेतली नव्हती. कुणीतरी घेतली होती. जीभ असलेल्या कुणीतरी.

"देवीचं देवीला कळतं," बजाबाई म्हणाल्या आणि मोरीत जाऊन पाय धुऊ लागल्या. धुतलेलेच पाय त्या पुन्हा धुत होत्या, हे रुपालीनं बघितलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं ते एवढंच, की शुक्रवारी आपण मागोमाग जायचं.

शुक्रवारी डबा निघाला. पुढच्या चौकात बजाबाई सहाआसनी रिक्षात बसल्या. रुपालीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि मागची रिक्षा धरली. सात रस्त्याच्या चौकात बजाबाईंनी रिक्षा बदलली, हिनंही बदलली. मायाक्काच्या देवळाचा रस्ता कधीच मागं पडला होता. साखर पेठेत बजाबाई उतरल्या आणि एका बोळात शिरल्या. बोळात दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. दारादारांत टॉवेलचे गठ्ठे रचलेले, उंबऱ्यांवर रांगोळ्या, बायका आपसांत तेलुगूत बोलत होत्या. आपली सासू ह्या बोळात सरावल्यासारखी चालतीय, कुणीतरी तिला बघून हसतंयही, हे बघून रुपालीला वाटलं, आपण कुणा भलत्याच बाईच्या घरी नांदतोय.

बजाबाई एका हिरव्या दारातून आत गेल्या. रुपाली थोडा वेळ थांबली, मग दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत खाटेवर एक साठीची बाई बसली होती. तोंड सुजलेलं, रंग राखेसारखा, डाव्या हाताच्या कोपराजवळ जाड पट्टी. बजाबाई तिच्यापुढं ताट करत होत्या. आणि त्या बाईनं मान वर केली. तेच बसकं नाक, त्याच जुळलेल्या भुवया. कुंडलिक मामाच लुगडं नेसून बसल्यासारखे.

"कोन गं ती दारात?" बाईनं विचारलं.

बजाबाई वळल्या. रुपालीला बघून त्यांचं तोंड उतरलं. त्या रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेवर बसल्या आणि पदर तोंडाशी नेला.

"सून माजी," त्या म्हणाल्या.

त्या बाईनं रुपालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मीठ टाकनारी हीच व्हय?"

रुपालीनं मान हलवली.

"एक घास गेला पोटात. दुसरा थुकला," बाई म्हणाली. "माजी किडनी ग्येली बग, पोरी. मंगळवारी आन् शुक्रवारी मशीनवर झोपवत्यात, रगात धुत्यात. मीठ इख हाय मला. भाजीचं पानीसुदिक इख हाय. तुला काय वाटलं, तुजी सासू चेटकीन हाय?"

"व्हय," रुपाली म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

बाई एकदम हसली. हसता हसता खोकला लागला, तशी बजाबाईंनी तिची पाठ चोळली. पाण्याचा पेला पुढं केला तो अगदी लहान, त्यात दोन घोट मोजून.

तिचं नाव मायाक्का. कुंडलिक मामांची थोरली बहीण. बजाबाई एका अर्थानं खोटं बोलल्याच नव्हत्या.

मग सगळं कळलं. पस्तीस वर्षांपूर्वी रानात काही पिकेना म्हणून सगळं घर सोलापुरात आलं. मायाक्का एका मागावाल्याच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. तिथं नरसय्या होता. जात वेगळी, भाषा वेगळी, खाणं वेगळं. ती त्याच्याबरोबर निघून गेली. बापानं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, की हिच्या हातचं पाणी ह्या घरात कुणी प्यायचं नाही. बाप मेला, शपथ कुंडलिकानं सांभाळली. घरात तिचं नावसुद्धा निघत नव्हतं. युवराजला आत्या आहे, हे युवराजलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बजाबाई डोळे तपासायला दवाखान्यात गेल्या आणि रांगेत त्यांना नवऱ्याचं तोंड दिसलं, बाईच्या अंगावर. मशीनवरून आल्यावर मायाक्काला उभं राहवत नाही, नरसय्याला माग सोडता येत नाही, पोरबाळ नाही. तेव्हापासून डबा सुरू.

"आत्या, मला सांगायचं होतं," रुपाली म्हणाली.

"तुला सांगितलं आसतं, तू युवराजला सांगितलं आसतंस, त्यानं बापाला. घरात कुनावर इस्वास ठिवायचा, बाई?"

हे रुपालीला लागलं, पण चमचाभर मीठ तिच्या डोळ्यांपुढं होतं.

दोघी घरी परतल्या तेव्हा कुलूप काढलेलं होतं. कुंडलिक मामा खुर्चीत बसले होते, गणवेशातच. रविवारपासून रुपालीचा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. आज गोदामावरून मधल्या सुट्टीत ते घरी आले आणि घर बंद दिसलं.

"कुटं होती?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मायाक्काला गेले होते."

"कुटल्या मायाक्काला?"

रुपालीनं तोंड उघडलं. अकलूजची एखादी पद्धत पुढं करावी, काहीतरी थाप मारावी, म्हणून ती शब्द जुळवत होती. पण बजाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्यांच्याकडं बघितलं.

"तुमच्या," त्या म्हणाल्या.

मामा उठले. ओरडले नाहीत, भांडं आपटलं नाही. टोपी घेतली आणि गोदामावर निघून गेले. त्या संध्याकाळपासून त्यांनी बायकोच्या हातचं शिजलेलं अन्न सोडलं. फडक्यातली कडक भाकरी काढायची, हातानं चुरायची, विकतच्या दह्यात कालवायची, खायची आणि झोपायचं. शनिवार गेला, रविवार गेला. युवराजला सगळं कळलं, तो बापाच्या पुढ्यात जाऊन दोनदा उभा राहिला आणि दोनदा माघारी आला. सोमवारी मामा एवढंच म्हणाले, "किती दीस चाललंय?"

"दोन वरसं," बजाबाई म्हणाल्या.

"दोन वरसं मी येडा."

मंगळवारी सकाळी बजाबाईंनी भाजी उकळली, पाणी फेकलं, डबा भरला. भीत भीतच. मामा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. त्यांनी डबा उचलला.

"पोरी, तुला घर ठाव हाय न्हवं? चल."

रिक्षात दोघं समोरासमोर बसले. मामांच्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेल्या कागदाचं टोक वर आलं होतं, शिक्क्याचा जांभळा डाग दिसत होता. रुपालीची नजर त्यावरून हटेना. गावाकडच्या रानाची वाटणी चालली आहे, हे तिनं घरात ऐकलं होतं. बहिणींच्या सह्या लागतात, हेही तिला कळत होतं. चार दिवस अन्न सोडणारा माणूस आज अचानक डबा घेऊन निघतो, तो उगाच? तिला वाटलं, आपण पुन्हा एक वाईट काम करतोय, घर दाखवून.

नरसय्या त्या वेळी घरीच होते. त्यांनी पाहुण्याला बघितलं आणि दारातच उभे राहिले, बाजूला झाले नाहीत. आतून मायाक्काचा आवाज आला, "कोन हाय?"

"कुंडलिक."

आत खाट करकरली. मग, "कशाला आलास? सही पायजे जनू?"

रुपालीनं डोळे मिटून घेतले.

"सही पायजेच," मामा म्हणाले. "कागूदबी खिशात हाय. खोटं कशाला बोलू? आठ दीस झालं, वाटत हुतं कुटं हुडकावी तुला. तर बायकू म्हनली, ती हितंच हाय, मी जेवाय घालती." त्यांनी हातातला डबा वर धरला. "पर आज त्यासाटी न्हाय आलो, आक्का."

"मी सही देनार न्हाय."

"नगं दिऊ."

"मेल्यावर घ्या म्हनावं, अंगठा."

"नगं म्हनलं की!" मामा ओरडले. बोळातल्या दोन बायका बघायला बाहेर आल्या. "डबा घी आदी. गार हुतोय."

नरसय्या बाजूला झाले.

मामा आत गेले आणि जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. मायाक्कानं ताटात भाजी काढली, एक भाकरी घेतली. दुसरी भाकरी तिनं उचलून ताटलीत ठेवली, वर चार फोडी टाकल्या आणि ती ताटली जमिनीवरून पायानंच त्यांच्याकडं सरकवली. वाकायची ताकद तिला नव्हती, की मुद्दामच केलं, हे रुपालीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मामांनी ताटली जवळ ओढली. मग त्यांनी घास मोडला.

"काय तरी खातीस, आक्का. मढ्याच्या तोंडातबी हेच्यापेक्षा चव आसंल."

"तुला कोन म्हनतंय खा?"

पण ते खात राहिले. नरसय्यांनी तांब्याभर पाणी आणून शेजारी ठेवलं. रुपाली आणि नरसय्या, दोघांचीही नजर त्या तांब्यावर होती. मामांनी तांब्या उचलायला बराच वेळ लावला. पाणी नरसय्यांनी आणलं होतं, मायाक्काच्या हातचं नव्हतं. शपथेला तेवढी फट होती, आणि ती सगळ्यांनाच ठाऊक होती. मामा गटागटा प्यायले आणि पुन्हा खायला लागले.

मायाक्का नवऱ्याकडं वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली. नरसय्या मिशीत हसले.

मामांनी हातातली भाकरी खाली ठेवली. भुवया आक्रसल्या. "काय म्हनली ती?"

"काही नाही."

"न्हाय, सांगा. काय म्हनली? कागदाचं काय म्हनली?"

"ती म्हणते," नरसय्या मोजूनमापून मराठी बोलत म्हणाले, "हा अजून डाव्याच बाजूनं चावतो. लहानपणी झाडावरून पडला, तेव्हापासून."

मामांनी तोंडातला घास थांबवला. मग तो उजवीकडं घ्यावा की डावीकडं, हे न कळल्यासारखे ते काही वेळ तसेच बसून राहिले.